ॲनोडाइज्ड जॉबवरचा फेड बिघडतो तेव्हा: पट्टा, ओघळ आणि सीलिंगमध्ये उडणारा रंग

ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियमच्या भागावर (जॉबवर) ॲसिडच्या टाकीत विजेने ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढवणं. त्या छिद्रांत डाय, म्हणजे रंग, भरायचा आणि सीलिंग करून छिद्रं मिटवायची. फेड म्हणजे एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाकडे हळूहळू फिकट होत जाणारा रंग. पूर्ण काळा किंवा पूर्ण निळा जॉब बिनचूक निघतो. त्याच रॅकवर, त्याच टाकीत फेड करायला घेतला की मात्र पट्टे, ओघळ आणि ढगाळ डाग दिसू लागतात. भोसरी, चिंचवड, चाकणच्या छोट्या शॉपमध्ये ही तक्रार कायमची आहे, आणि पहिला आळ डायवर येतो. डाय बदलून फरक क्वचितच पडतो.

कारण साधं आहे. जॉब दहा-पंधरा मिनिटं पूर्ण बुडून राहिला की ऑक्साइडच्या थरातली छिद्रं डायने जवळपास भरून जातात, आणि भरलेल्या थरावर लहानसहान फरक झाकले जातात. फेडमध्ये जॉबचा मोठा भाग आपण मुद्दाम अर्धवट भरलेला ठेवतो. मग आधीच्या टप्प्यांतली प्रत्येक कसूर (राहिलेलं ॲसिड, बोटाचा ठसा, ढिला कॉन्टॅक्ट) तिथे उघडी पडते. म्हणून फेडची दुरुस्ती डायच्या टाकीच्या अलीकडून सुरू करायची.

खालचं सगळं सल्फ्युरिक ॲसिडच्या नेहमीच्या ॲनोडायझिंगसाठी आणि ऑरगॅनिक डायसाठी आहे. हार्ड ॲनोडायझिंगचा थर स्वतःच राखाडी-तपकिरी असतो, त्यावर फिकट शेडचा फेड शोधू नका.

लक्षणं

आडवी, सुरीने कापल्यासारखी एकच रेघ, वर फिकट आणि खाली गडद. ही डायच्या पातळीवर पडते.

एकाखाली एक बारीक आडवे पट्टे, पायऱ्यांसारखे. रेघ एकच असेल तर जॉब तिथे थांबला होता. पट्टे अनेक असतील तर हालचाल झटके घेत झाली.

उभे ओघळ, बहुतेक टॅप केलेल्या (आटे पाडलेल्या) भोकांखाली किंवा खाचांखाली. इथे नीट बघा: ओघळ आजूबाजूपेक्षा फिकट असेल तर भोकातून ॲसिड झिरपलंय, गडद असेल तर जॉब वर काढल्यावर भोकातली डाय खाली उतरलीय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

फिकट बाजूला ढगासारखे डाग, कधी स्पष्ट बोटाचे ठसे.

डायच्या टाकीतून निघताना फेड छान होता, सीलिंगनंतर फिकट टोक धुऊन गेलं किंवा रंग खाली पसरला.

एकाच लॉटमधल्या दहा जॉबपैकी दोन-तीन फिके. किंवा एकाच जॉबवर कडांना आणि वेल्डजवळ रंग वेगळा.

काळा फेड फिकट होत जाताना राखाडी न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसतो. हा बऱ्याचदा दोष नसतो. काळ्या डाय अनेकदा मिश्रण असतात, कमी भरल्यावर त्यातला एखादा घटक पुढे दिसतो. स्वच्छ राखाडी हवा असेल तर पुरवठादाराकडून राखाडीसाठी चालणारी काळी डाय मागा. बाकी तपासण्यांत वेळ घालवू नका.

फुकटची पहिली तपासणी: दोष कुठल्या टाकीत पडला

एक जॉब घ्या आणि चार ठिकाणी थांबून, त्याच ट्यूबखाली, ओलाच बघा आणि मोबाइलवर फोटो काढा: ॲनोडायझिंगनंतर, धुण्यानंतर, डायनंतर, सीलिंगनंतर. ॲनोडायझिंगनंतर थर सगळीकडे सारखा, किंचित दुधी दिसायला हवा. तिथेच कुठे चकाकता किंवा राखाडी पट्टा असेल तर डायपर्यंत जायची गरजच नाही. थेट शेवटच्या दोन तपासण्यांकडे, जाडी आणि धातूकडे वळा. डायनंतर ठीक आणि सीलिंगनंतर बिघडला, तर मधलं सगळं सोडून सीलिंगचा भाग वाचा. ही पाच मिनिटं टाळल्यामुळे लोक अख्खी डायची टाकी ओतून देतात.

पीएच पट्टीची तपासणी: छिद्रांत राहिलेलं ॲसिड

ओघळ आणि ढगाळ डाग यांचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि तपासायला लागते फक्त पीएच पट्टी.

ॲनोडायझिंगच्या थराची छिद्रं साधारण दहा-वीस नॅनोमीटरची असतात आणि थराच्या खोलीपर्यंत जातात. ॲनोडायझिंगचं ॲसिड त्यांच्यात अडकलेलं असतं. वरून पाणी मारलं की पृष्ठभाग धुतला जातो, छिद्रं नाही. उरलेलं सल्फेट डाय बसण्याच्या जागा अडवतं, शिवाय त्या भागात पीएच खाली ओढतं. पूर्ण बुडवलेल्या जॉबवर जास्त वेळ मिळाल्याने हे झाकलं जातं. फेडच्या फिकट भागाला तीस-चाळीस सेकंदच मिळतात, तिथे नाही.

दोन वेगळ्या टाक्यांत वाहत्या, थंड पाण्यात प्रत्येकी दीड-दोन मिनिटं धुवा. मग खाण्याचा सोडा लिटरला २० ते ३० ग्रॅम घातलेल्या पाण्यात एक मिनिट हलवा. मग डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात पुन्हा धुवा, कारण सोडा डायमध्ये गेला की टाकीचा पीएच चढतो आणि दुसराच घोळ सुरू होतो. प्रत्येक टॅपमध्ये पाण्याची पिचकारी मारा आणि भोकातून बाहेर आलेल्या थेंबाला पट्टी लावा. डीआय पाण्याला जो रंग येतो तोच यायला हवा. पट्टी लालसर झाली तर पुन्हा धुवा; डायमध्ये टाकून "बघू" म्हणू नका.

एम ४, एम ५ च्या ब्लाइंड (आरपार न जाणाऱ्या) टॅपमध्ये ॲनोडायझिंगच्या आधीच सिलिकॉनचे प्लग बसवणं हा पक्का उपाय आहे. नुसतं भोकाचं तोंड खाली करून टांगलं तर आत हवा अडकते आणि तिथे थरच येत नाही. प्लग नसतील तर जॉब तिरका टांगा, म्हणजे हवाही निघते आणि पाणीही. ओघळ गडद असेल तर डायनंतर लगेच, एक क्षण न थांबता, थंड पाण्यात बुडवून भोकं पिचकारीने रिकामी करा.

हवेने फुंकायचं असेल तर कॉम्प्रेसरला तेल पकडणारा फिल्टर हवा. शॉपमधल्या साध्या कॉम्प्रेसरची हवा तेलाचा सूक्ष्म फवारा सोबत आणते, आणि फिकट बाजूचे गोल ठिपके बहुतेक तिथूनच येतात.

हात, सुकणं, पाणी

थर आल्यानंतर जॉबला उघड्या हाताने हात लावायचा नाही, सीलिंग होईपर्यंत. नायट्राइल हातमोजे, तेही स्वच्छ. पावडर असलेले हातमोजे नकोत.

टाक्यांच्या मध्ये जॉब सुकता कामा नये. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली पातळ पाण्याचा थर काही मिनिटांत उडतो आणि सुकलेल्या भागात डाय वेगळ्या वेगाने शिरते. लगेच डाय करणं जमणार नसेल तर थंड डीआय पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. गरम पाण्यात कधीच नाही: गरम पाणी म्हणजे अर्धवट सीलिंग, छिद्रांची तोंडं मिटायला लागतात.

शेवटच्या धुण्याचं, डाय बनवायचं आणि सीलिंगचं पाणी डीआय हवं. बोअरवेलचं जड पाणी तर नकोच, आणि पिण्याच्या आरओचं पाणीही भरवशाचं नाही, कारण त्यात उरणारे क्षार कमी-जास्त होत असतात. छोट्या कामाला बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळणारं डीएम पाणी (तेही क्षार काढलेलंच) चालतं. टीडीएस मीटर घेऊन ठेवा. आकडा एक अंकी असला की पुढे जा.

हालचाल: रेघ आणि पट्टे इथे मिटतात

फेड हा वेळेचा खेळ आहे, आणि रंग वेळेबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीला डाय झपाट्याने शिरते, नंतर मंदावते. साधारणपणे, दुप्पट गडद करायला चौपट वेळ लागतो. जॉब एकसारख्या वेगाने बुडवला की म्हणूनच फिकट टोकाजवळ रंग एकदम उडी मारतो आणि उरलेली लांबी जवळजवळ एकाच रंगाची दिसते. "फेड आला, पण फक्त दोन सेंटिमीटरचा" ही तक्रार यातून येते.

फेडच्या लांबीचे चार सारखे भाग करा आणि वेळ १ : ३ : ५ : ७ या प्रमाणात वाटा, फिकट टोकाला १. समजा फेड ८० मिलिमीटरचा आहे आणि हातात आठ मिनिटं आहेत. गडद टोक खाली धरून जॉब हळूहळू खाली सोडायचा: पहिले २० मिमी बुडायला २१० सेकंद, पुढचे २० मिमी १५० सेकंदांत, त्यापुढचे ९० मध्ये, आणि शेवटचे २० मिमी ३० सेकंदांत. शेवटचा मिलिमीटर बुडला की सगळा जॉब एका झटक्यात बाहेर आणि थेट थंड पाण्यात. हे प्रमाण सुरुवातीसाठी आहे. प्रत्येक डायचा स्वभाव वेगळा, त्यामुळे त्याच धातूच्या पट्टीवर आधी चाचणी घ्या आणि आकडे लिहून ठेवा.

वर ओढत फेड करता येतो, बरेच जण तसंच करतात. पण वर आलेल्या भागावर डायचा ओला थर चिकटून राहतो, तो रंगवत राहतो आणि खाली ओघळतो. खाली सोडताना वरचा भाग फक्त स्वच्छ पाण्याने ओला असतो. म्हणून खाली सोडणंच बरं. वर ओढायचंच असेल तर वेळेचा क्रम उलटा, फिकट टोक आधी आणि झटपट, आणि बाहेर आलेला भाग सतत बारीक फवाऱ्याने धुवत राहायचा.

नुसतं संथ खाली सोडूनही रेघ पडू शकते. डायची पातळी जॉबला टेकते तिथे पाण्याची कड वर चढते, तिथली डाय थंड होते, आणि पृष्ठभागावरचा फेस व तेलाचा तवंग तिथेच गोळा होतो. उपाय म्हणजे खाली सोडण्याच्या गतीवर सतत ५ ते ८ मिमीची वरखाली हालचाल, दीड-दोन सेकंदाला एक फेरी. तेवढ्याने कड एका जागी ठरत नाही आणि रेघ पुसली जाते. हालचाल १५-२० मिमीवर नेली की शिंतोडे उडतात आणि फिकट भागावर ठिपके पडतात.

डायच्या पातळीच्या वर हाताने चालवायच्या स्प्रे बाटलीतून डीआय पाण्याचा धुक्यासारखा फवारा मारत राहा, वरचा भाग सुकू नये इतकाच. थेंब गोळा होऊन खाली धावायला लागले तर फवारा जास्त झाला. हे पाणी डाय पातळ करतं, म्हणून फेड मोठ्या टाकीत न करता चार-पाच लिटरच्या वेगळ्या भांड्यात करा. स्टेनलेस किंवा पॉलिप्रॉपिलीनचं भांडं चालतं. लोखंड, तांबं, पितळ नको. सुरू करण्याआधी टिपकागद पृष्ठभागावरून सरकवून तवंग उचला, दर जॉबआधी. डाय हलवायला तळाशी छोटा पंप ठेवा. हवेचे बुडबुडे फेडच्या भांड्यात नकोत. ते पृष्ठभागावर फुटतात आणि प्रत्येक फुटलेला बुडबुडा फिकट भागावर ठिपका सोडतो.

हाताने दोन-चार जॉब जमतात, लॉट जमत नाही. आठ मिनिटं एका लयीत हात हलत नाही, आणि पायऱ्यांसारखे पट्टे ही त्याचीच खूण. ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा) स्क्रू, नेमा १७ मापाची स्टेपर मोटर, तिचा ड्रायव्हर आणि अर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) एवढं पुरतं. हे सगळं पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं, आणि स्क्रूसाठीचे नट-बेअरिंग बोहरी आळीत. मायक्रोस्टेपिंग (मोटरचा प्रत्येक टप्पा बारीक तुकड्यांत फिरवणं) चालू ठेवा, नाहीतर मोटरचे टप्पेच जॉबवर उमटतात. जॉब तारेवर लोंबकळू देऊ नका, कडक रॉडला घट्ट पकडा. मोटर टाकीच्या बरोबर वर न ठेवता बाजूला काढा. वाफ आणि ॲसिडचा अंश तिला फार दिवस टिकू देत नाही.

डायची टाकी

पूर्ण रंगासाठी पुरवठादार जे प्रमाण देतो (रंगानुसार लिटरला काही ग्रॅम, काळ्यासाठी १० ग्रॅमच्या आसपास) आणि ५५ ते ६० अंश तापमान सांगतो, ते फेडला फार जलद पडतं. फेडसाठी प्रमाण निम्मं ते पाव, तापमान ३५ ते ४० अंश. यापेक्षा पातळ आणि थंड करायचा मोह होतो, कारण हातात वेळ जास्त येतो. पण मग रंग छिद्रांच्या तोंडाशीच बसतो, सीलिंगमध्ये सुटतो आणि उन्हात लवकर उडतो. फिकट टोक तसंही उन्हात आधी जातं; बाहेर लागणाऱ्या पार्टसाठी ग्राहकाला हे आधीच सांगा.

पीएच बहुतेक डायला ५ ते ६ च्या दरम्यान लागतो, नेमका आकडा डायच्या पत्रकावरून घ्या. कमी असेल तर सौम्य अमोनिया, जास्त असेल तर सौम्य ॲसेटिक ॲसिड, थेंबाथेंबाने. पीएच वारंवार खाली जात असेल तर टाकीला दोष देऊ नका, धुणं कमी पडतंय आणि सल्फ्युरिक आत येतंय. सल्फेट साठत गेलं की पीएच कितीही दुरुस्त करा, रंग मंदच चढतो. ती डाय काढून टाकावी लागते.

डायमध्ये दुसरा रंग मिसळलाय का हे बघायला फिल्टर पेपरवर एक थेंब टाका आणि पसरू द्या. कडेला वेगळ्या रंगाचं वलय दिसलं तर मिश्रण आहे. मूळ बाटलीतल्या ताज्या डायचा थेंब शेजारी टाकून तुलना करा, कारण काही डाय मुळातच मिश्र असतात.

गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी सकाळी पहिला लॉट हमखास ठिपकेदार निघतो, अशी तक्रार असेल तर टाकी पूर्ण गरम करून, अर्धा तास फिरवून, पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. थंड डायमध्ये गाळ बसतो, आणि ऑरगॅनिक डायवर बुरशीही धरते, विशेषतः पावसाळ्यात. झाकण ठेवा. बुरशी पुन्हा पुन्हा आली तर पुरवठादाराकडून डायसाठीचं बुरशीरोधक घ्या.

दोन रंगांचा फेड करताना आधी फिकट रंग (पिवळा, सोनेरी) पूर्ण जॉबवर, मग गडद रंग एका टोकाने. मधे थंड पाण्यात स्वच्छ धुणं आलंच. दुसऱ्या डायमध्ये पहिला रंग थोडा सुटतोच, म्हणून दुसरी डाय ३५ अंशांच्या वर नेऊ नका आणि ते भांडं मुख्य टाकीत परत ओतू नका.

सीलिंग

इथे पुण्याची एक गोष्ट लक्षात ठेवायची. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर १०० दाखवण्याची वाट बघत हीटर वाढवत नेला की फक्त खळबळ वाढते, तापमान नाही. साध्या गरम पाण्याच्या सीलिंगला ९६ अंशांच्या वर राहावं लागतं, म्हणजे आपल्याकडे मोकळीक दोन अंशांची. थंड जॉबचा भरलेला रॅक टाकला की तापमान सहज त्याखाली येतं, आणि अर्धवट उष्ण पाण्यात छिद्रं मिटायच्या आधी रंग सुटतो. फिकट टोक धुऊन जातं ते असं.

फेडसाठी निकेल ॲसिटेटचं सीलिंग जास्त सुरक्षित: लिटरला साधारण ५ ग्रॅम, पीएच ५.५ ते ६, तापमान पुरवठादाराच्या पत्रकाप्रमाणे, बहुतेक ८० ते ९० अंशांच्या दरम्यान. निकेलमुळे छिद्रांची तोंडं लवकर बंद होतात आणि रंग अडकतो. वेळ दर मायक्रॉनला किमान एक मिनिट धरा. साध्या गरम पाण्याला दोन ते तीन मिनिटं. निकेलचे क्षार त्वचेला ॲलर्जी देतात आणि त्यांची वाफ-धूळ श्वासात जाणं घातक आहे. हातमोजे आणि एक्झॉस्ट हवाच.

जॉब सीलिंगमध्ये टाकताना सुरुवातीला वरखाली हलवू नका. फिकट टोकावरून गडद टोकाकडे पाणी जाईल असा टांगा, म्हणजे जो थोडा रंग सुटेल तो गडद भागावरून फिकटावर येणार नाही.

पाण्यात फॉस्फेट किंवा सिलिकेट काही पीपीएम जरी आलं तरी सीलिंग अडतं. ते येतं कुठून? बरेचसे नॉन-एच (धातू न खाता तेल काढणारे) डीग्रीझर सिलिकेटवर बनलेले असतात. धुणं कमी पडलं की ते भोकांत बसून शेवटच्या टाकीपर्यंत प्रवास करतं. भांडी घासायच्या साबणाने जॉब किंवा टाकी धुणं म्हणूनच बंद करा.

सीलिंग झालं का हे बघायला जॉब सुकल्यावर न दिसणाऱ्या जागी पर्मनंट मार्करची रेघ मारा, एक मिनिटाने स्पिरिटने पुसा. पूर्ण पुसली गेली तर ठीक. निळसर छाया राहिली तर छिद्रं उघडी आहेत.

थराची जाडी आणि कॉन्टॅक्ट

लॉटमधले काही जॉब फिके, तर आधी पकड बघा. ॲल्युमिनियमच्या रॅकवरही प्रत्येक फेरीत ऑक्साइड चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. दर वेळी कॉस्टिकमध्ये काढायलाच हवा. टायटॅनियमच्या रॅकला ही कटकट नाही, पण पकड घट्ट हवी. बुडणाऱ्या भागात तांबं किंवा लोखंड अजिबात नको. जॉब रॅकवर हाताने फिरत असेल तर टाकीतही फिरेल, आणि एकदा कॉन्टॅक्ट तुटला की त्या जॉबचा थर तिथेच थांबतो.

जाडी एडी करंट गेजने मोजा. नसेल तर जवळच्या टेस्टिंग लॅबमध्ये मोजून मिळते. फेडसाठी १५ मायक्रॉन चांगले, गडद काळ्या टोकासाठी २० च्या पुढे. आयएस १८६८ (ॲनोडायझिंगचं भारतीय मानक) प्रमाणे काम मागणारा ग्राहक असेल तर एसी १५ किंवा एसी २५ असं लिहून घ्या; आकडा म्हणजे मायक्रॉनमधली जाडी. दर चौरस डेसिमीटरला १.३ अँपिअर धरले तर १५ मायक्रॉनला साधारण ३५ मिनिटं लागतात. जॉबचं क्षेत्रफळ न काढता फक्त व्होल्ट बघून चालवणं हे लॉट-लॉटमधल्या फरकाचं नेहमीचं कारण. भोकांच्या आतलं, खाचांमधलं सगळं क्षेत्रफळ धरा.

ॲनोडायझिंगचं बाथ १८ ते २२ अंशांत हवं. उन्हाळ्यात चिलर कमी पडला आणि ते २५ च्या वर गेलं की थर मऊ, पावडरसारखा येतो. तो रंग अधाशासारखा पितो, पण ठिकठिकाणी वेगवेगळा. बोटाने घासल्यावर पांढरी भुकटी लागली तर हेच.

धातू

ॲल्युमिनियमच्या ६०६१, ६०६३ आणि ६०८२ (बाजारात एचई ३० म्हणून येतो) या मिश्रधातूंवर फेड उत्तम येतो. ७०७५ वर येतो, पण रंगाची छटा सरकते. ६०६१ वर ठरवलेले आकडे त्याला लागू नाहीत. २०१४, २०२४ मध्ये तांबं जास्त, थर मऊ आणि पिवळट. एडीसी १२, एलएम २४ सारख्या डायकास्टिंगमध्ये (साच्यात ओतलेल्या भागांत) सिलिकॉन इतकं असतं की थर राखाडी आणि ठिपकेदारच येतो. त्यावर गडद काळा कसाबसा जमेल, फेड नाही. भंगारातून आणलेल्या बारवर "६०६१" रंगवलेलं असतं म्हणून विश्वास ठेवू नका. शंका असेल तर एक तुकडा कापून स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजणारी तपासणी) करून घ्या. बिघडलेल्या लॉटपेक्षा ते नेहमीच स्वस्त पडतं. वेल्ड केलेल्या जॉबवर वेल्डची पट्टी वेगळी दिसणारच, ती फेडच्या गडद टोकाकडे येईल अशी दिशा ठरवा.

धारदार कडांवर रंगाची गडद किंवा फुटकी रेघ येत असेल तर टाकीत काही शोधू नका, मशिनिंगमध्येच ०.३ ते ०.५ मिमीचा रेडियस मागा.

बिघडलेला जॉब वाचवणं

सीलिंग झालं नसेल तर रंग उतरवता येतो. बऱ्याच ऑरगॅनिक डाय १५ ते २० टक्के नायट्रिकमध्ये, साध्या तापमानाला, काही मिनिटांत निघतात. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. मग पुन्हा सोड्याचं पाणी, डीआय, आणि नवा फेड. हे एकदा करा. पुन्हा पुन्हा केलं की छिद्रं रुंदावतात आणि तोच डाग अधिक ठळक होऊन येतो. काही जण ब्लीचने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने रंग काढतात. ॲसिडचा अंश असलेल्या जॉबवर किंवा टाकीजवळ हे करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

सीलिंग झालं असेल तर थर पूर्ण काढून पुन्हा ॲनोडायझिंग, दुसरा मार्ग नाही. १५ मायक्रॉनच्या थरात प्रत्येक बाजूचा साधारण १० मायक्रॉन धातू खर्च झालेला असतो, आणि कॉस्टिकमध्ये काढताना आणखी जातो. बेअरिंगच्या फिटला, बारीक आट्यांना हे परवडत नाही.

इथे थांबा

माप घट्ट असलेला किंवा महागडा मशिनिंग केलेला जॉब स्ट्रिप करायची (थर उतरवायची) वेळ आली, तर अनुभवी ॲनोडायझरकडे द्या. धातू न खाता फक्त ऑक्साइड काढणारं क्रोमिक-फॉस्फोरिक मिश्रण त्यांच्याकडे असू शकतं. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे, ते शॉपमध्ये किंवा घरी बनवायचं नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे भाग, आणि ज्यांच्या तुटण्याने कोणी जखमी होईल असे सगळे भाग एकदा बिघडले की पुन्हा पुन्हा स्ट्रिप करून वापरू नका. ते ज्याने डिझाइन केलेत त्याला विचारा. ॲनोडायझिंगने थकवा-बळ, म्हणजे वारंवार येणारा ताण सोसायची ताकद, कमी होतं आणि प्रत्येक एचिंगने (रसायनाने धातू खाल्ला गेल्याने) पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो.

नायट्रिकच्या टाकीतून तपकिरी धूर दिसला तर जॉब सोडा, बाहेर पडा, हवा खेळू द्या. रेक्टिफायरचा (टाकीला डीसी वीज देणाऱ्या यंत्राचा) अँपिअर स्थिर राहत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. ओल्या फरशीवर उघडी बसबार स्वतः तपासायची नाही. सगळ्या तपासण्या होऊनही थर पावडरसारखा किंवा पट्टेरीच येत असेल तर बाथचं विश्लेषण लॅबकडून करून घ्या: मोकळं सल्फ्युरिक, विरघळलेलं ॲल्युमिनियम आणि क्लोराइड हे तीन आकडे मागा. ॲल्युमिनियम लिटरला २० ग्रॅमच्या वर गेलं असेल तर बाथचा काही भाग बदलावा लागतो.

काढलेलं ॲसिड, जुनी डाय आणि निकेलचं पाणी गटारात किंवा ओढ्यात सोडायचं नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेल्या युनिटमार्फतच ते द्या. घरी हौसेने काम करणाऱ्यांनी निकेल सीलिंग टाळून गरम डीआय पाण्याचं सीलिंग वापरावं. त्यासाठी भांडं जॉबच्या मानाने मोठं घ्या आणि एका वेळी एकच जॉब टाका, म्हणजे पाणी ९६ अंशांच्या खाली येत नाही.